जपानी चित्रकथांतील गुरूचे मरण

शुक्राचार्यांच्या उदरात अडकलेल्या कचाची कथा भारतीय वाचकांस नवी नाही. संजीवनी विद्या शिष्याला द्यावी, तर तो गुरूचे उदर विदारूनच बाहेर पडणार. न द्यावी, तर शिष्य आतल्या आत नाहीसा होणार. शुक्राचार्यांनी विद्या दिली, मरण पत्करले, आणि बाहेर आलेल्या शिष्याने त्याच विद्येच्या बळावर गुरूला पुन्हा उठविले. विद्येचे संक्रमण आणि गुरूचे मरण यांची अशी गाठ महाभारताच्या आदिपर्वात घातलेली आहे. मात्र ते मरण तेथे क्षणभराचेच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये ज्या प्रदीर्घ चित्रकथा निर्माण झाल्या, त्यांतही हीच गाठ पुनःपुन्हा दृष्टीस पडते. फरक इतकाच, की तेथे गुरू बहुधा परत येत नाही.

या चित्रकथांना ‘मांगा’ व त्यांच्या चलच्चित्ररूपाला ‘आनिमे’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ओसामु तेझुका यांच्या १९४७ सालच्या ‘शिन ताकाराजिमा’ या पुस्तकाने या कलेला नवे वळण लागले. पुढे १९५९ च्या मार्च महिन्यात ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ ही दोन साप्ताहिके एकाच दिवशी निघाली. १९६८ मध्ये ‘शोनेन जंप’ निघाले आणि पुढच्याच वर्षी तेही साप्ताहिक झाले. १९९४ च्या अखेरीस त्याचा खप ६५ लाखांवर गेला होता. वाचकांनी पोस्टकार्डावर कळविलेल्या पसंतीवरून तेथे कथेचे भवितव्य ठरे. आवडली तर कथा दहा-पंधरा वर्षे चाले. न आवडली तर काही आठवड्यांतच आटोपती घ्यावी लागे.

गुरूच्या मरणाचे पहिले कारण या व्यवस्थेतच सापडते. अशा कथेचा नायक बहुधा अजाण, पण जिद्दी मुलगा असतो. त्याला वाढवायचे तर कोणी तरी शिकविणारा हवा. आणि शिकविणारा त्याच्याहून समर्थ असलाच पाहिजे. परंतु असा समर्थ पुरुष पाठीशी उभा असेपर्यंत नायकावरील कोणतेही संकट खरे वाटत नाही. कथा पुढे न्यायची, तर गुरूला वाटेतून दूर करणे लेखकाला भागच पडते.

दूर करण्याचे अन्य मार्ग नसतात असे नाही. अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’ (१९८४ ते १९९५) या कथेतील कामे-सेन्निन हा वृद्ध गुरू हे मार्ग एकेक करून चोखाळतो. शिष्यांना गर्व होऊ नये म्हणून तो नाव व वेष बदलून मल्लयुद्धाच्या स्पर्धेत उतरतो आणि पट्टशिष्य गोकू याला अंतिम फेरीत निसटता हरवितो. पुढच्या स्पर्धेत मात्र तो स्वतःहून आखाड्याबाहेर पडतो. आता पाळी तरुणांची, हे त्याने ओळखलेले असते. ही एक प्रकारची सन्मान्य निवृत्तीच होय. तथापि ती पुरी पडत नाही. पिक्कोलो हा दैत्य मोकळा होताच, त्याला कोंडण्यासाठी आपल्या गुरूने प्राण देऊन वापरलेली विद्या कामे-सेन्निन पुन्हा योजतो. ती फसते आणि तो मरतो. पुढे त्याला जिवंत केले जाते खरे, परंतु तोवर शिष्याचा भार शिष्याच्याच खांद्यावर आलेला असतो.

निवृत्तीला कथेत इतके अपुरे स्थान असावे, ही गोष्ट जपानच्या संदर्भात विचार करण्यासारखी आहे. कारण त्या समाजात निवृत्ती ही जुनी आणि प्रतिष्ठित संस्था होती. घराच्या प्रमुखाने वृद्धापकाळी अधिकार वारसाकडे सोपवून बाजूला व्हावे, या प्रथेला ‘इन्क्यो’ म्हणत. १८९८ मध्ये अमलात आलेल्या कुटुंबविषयक कायद्यात तिला स्थान होते. युद्धोत्तर सुधारणेत, १९४७ साली, ती घराण्याच्या जुन्या व्यवस्थेबरोबर कायद्यातून गेली. कलांच्या क्षेत्रात मात्र परंपरेचे बंध टिकून राहिले. काबुकी नाट्यात शिष्य किंवा पुत्र पूर्वजाचे नावच समारंभपूर्वक धारण करतो. चहाविधीच्या घराण्यांत प्रमुखपद पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. एका पदावर एका वेळी एकच पुरुष, ही कल्पना त्या मनात खोल रुजलेली आहे. पद रिकामे झाल्याखेरीज वारस पूर्णत्वास जात नाही.

या परंपरेवर युद्धाची छाया पडली. १९४८ च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये सुमारे १,२३,००० अनाथ मुले आढळली. वडीलधारे माणूस अर्ध्या वाटेवर सोडून जाते, हा त्या पिढीचा कल्पनाविलास नव्हता. १९७४ साली दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘उचू सेन्कान यामातो’ या मालिकेत १९४५ च्या एप्रिलमध्ये बुडालेली यामातो ही युद्धनौकाच अंतराळयान होऊन पृथ्वीच्या रक्षणार्थ निघते. तिचा वृद्ध, आजारी कप्तान ओकिता आणि तरुण कोदाई यांचे नाते रागातून सुरू होते. कारण ज्या लढाईतून ओकिता माघारी आला, तीत कोदाईचा भाऊ हरपलेला असतो. प्रवासात कोदाई नेतृत्व करू लागतो. आणि पृथ्वी पुन्हा दृष्टिपथात येताच ओकिता आपल्या खोलीत शांतपणे प्राण सोडतो. पराभूत पिढीने पुढच्या पिढीला घरापर्यंत पोहोचवावे आणि स्वतः उंबरठ्याबाहेर थांबावे, असा हा शेवट आहे. १९८३ च्या चित्रपटात निदान चुकले होते असे सांगून ओकिताला परत आणले गेले, तेव्हा त्या मरणाचे गांभीर्य पुष्कळ उणावले.

मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’त (१९९९ ते २०१४) या विषयाचा सर्वांत विचारपूर्वक विस्तार आढळतो. तेथील गुरू जिराया याचे नाव व त्याची बेडकांची विद्या एकोणिसाव्या शतकातील लोकप्रिय कथेतून आली आहे. ती कथाही १८३९ ते १८६८ अशी जवळजवळ तीस वर्षे भागाभागांनी प्रसिद्ध होत होती. किशिमोतोंचा जिराया ज्याच्याकडून मारला जातो, तो नागातो त्याचाच पूर्वीचा शिष्य असतो. म्हणजे मारणारा आणि शोक करणारा एकाच गुरूच्या हाताखाली वाढलेले असतात. नारुतो जेव्हा नागातोसमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या हाती सूडाचे सामर्थ्य असते. पण तो जिरायाच्या पहिल्या कादंबरीची आठवण काढतो आणि सूड टाळतो. त्या कादंबरीच्या नायकाचेच नाव त्याला मिळालेले असते. गुरू जिवंत असता, तर हा निर्णय गुरूने घेतला असता. तो शिष्याला एकट्याने घ्यावा लागला, म्हणूनच ते मरण कथेत सार्थ ठरते.

या नियमाला थोर अपवादही आहे. ‘आशिता नो जो’ (१९६८ ते १९७३) या मुष्टियोद्ध्याच्या कथेत एकाक्ष, मद्यपी गुरू दानपेई अखेरपर्यंत जिवंत राहतो. मरतो तो नायकाचा प्रतिस्पर्धी रिकिइशी. त्या काल्पनिक योद्ध्यासाठी १९७० च्या मार्चमध्ये प्रकाशनगृहात खरोखरीचा अंत्यविधी झाला आणि सुमारे सातशे लोक त्याला उपस्थित राहिले. कथेच्या शेवटी शिष्यच कोपऱ्यातील आसनावर निश्चल बसलेला दिसतो आणि गुरू त्याच्याजवळ असतो. गुरूला वाचविले, तर मोल शिष्याला द्यावे लागते, असाच जणू हा उलटा हिशेब आहे.

प्रथा रूढ झाली की तिचा जोर ओसरतो. प्रेमळ आणि समर्थ गुरू कथेत येताच त्याचे दिवस भरले, असे आजचा वाचक मनाशी ठरवितो. गेगे आकुतामी यांच्या ‘जुजुत्सु काइसेन’मध्ये (२०१८ ते २०२४) गोजो हा गुरू सर्वांत बलवान म्हणूनच दाखविलेला आहे, लेखकाला त्याला आधी एका पेटिकेत कोंडावे लागले आणि सुटका झाल्यावर, २०२३ साली, मारावे लागले. सामर्थ्याची ही अडचण कथाकाराच्या पाठीशी शेवटपर्यंत असते. म्हणूनच गुरू मेला की नाही, एवढ्यावर अशा कथेची पारख होत नाही. गुरूच्या पश्चात शिष्याने घेतलेला निर्णय गुरूच्या हयातीत त्याला घेता आला असता काय, हे पाहावे लागते. घेता आला असता, तर ते मरण केवळ लेखकाची सोय असते. आला नसता, तर कचाप्रमाणे शिष्य विद्या घेऊन बाहेर पडलेला असतो. जपानी शिष्यापाशी संजीवनी नसते, म्हणून गुरूने जे दिले तेवढेच त्याला जिवंत ठेवता येते.