व्यसनमुक्तीसाठी सहाय्यक समूह : भाविकांसाठी माहिती

पेडणे व डिचोली महालांत देवापुढे नारळ ठेवून, गाऱ्हाणे घालून दारू सोडण्याची शपथ घेतली जाते. मात्र शपथ मोडली की माणूस लाजेने देवळाची पायरीही टाळू लागतो. अशा वेळी संकल्पाला सोबतीची जोड हवी.

'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही संघटना १९३५ साली अमेरिकेत स्थापन झाली. गोव्यातही तिच्या सभा भरतात. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. शुल्क नाही व नाव गुप्त राहते. व्यसनातून सावरलेले सदस्य स्वानुभव कथन करतात. नवागताने केवळ ऐकले तरी चालते. निर्धार आजच्या एका दिवसापुरताच करावयाचा असतो. सभा चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत असली तरी संघटना कोणत्याही धर्माची नाही. कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' हा स्वतंत्र समूह आहे.

मार्गदर्शनासाठी १४४४६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर किंवा नजीकच्या सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

महत्त्वाची सूचना : रोज मद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास कंप, झटके व भ्रम होऊन जिवास धोका संभवतो. प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बांबोळी येथील सरकारी मानसोपचार संस्थेत उपचार उपलब्ध आहेत.

शपथ मोडली म्हणून देवाचे दार बंद होत नाही. भाविकांनी निःसंकोचपणे दर्शनास यावे व सभेसही जावे.