नवऱ्याची कैफियत

भाईंदरच्या पश्चिमेकडून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे वाटेवर लागतात. शेतात भात आणि खाजणात मीठ पिकवून पिढ्यान्‌पिढ्या उदरनिर्वाह करणाऱ्या आगऱ्यांची ही जुनी वसाहत होय. १७३९ साली हा साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या अमलाखाली आला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती पडला. परंतु अंमल कोणाचाही असो, नवऱ्याने बायकोस मारहाण केल्याची तक्रार सरकारी कचेरीत क्वचितच रुजू होई. अशा तक्रारींचा इन्साफ साष्टीतील आगरी-कोळी गावांतून गावकीपुढे होत असे.

गावकीपुढे उभ्या राहिलेल्या नवऱ्याला वकील नसे, आणि तो असावा असे कोणाच्या मनातही येत नसे. पंचांपैकी कोणी त्याचा चुलता, कोणी तिचा मामा. म्हणजे न्यायाधीश, साक्षीदार आणि पक्षकार एकाच गणगोतातले. आरोपीचा बचाव त्याच्या म्हणण्याच्या खरेपणावर जितका, तितकाच त्याच्या भावकीच्या संख्येवर अवलंबून असे. निकालही बहुधा समेटाचाच लागे : दंड भरावा, बायकोला नांदवावे. अगदीच न जमल्यास काडीमोड घ्यावी; या समाजांत हुंड्यापेक्षा देजाची, म्हणजे वधूमूल्याची, चाल अधिक रूढ असल्याने अशा वेळी देजाचा हिशेब पुरा करावा आणि बाईने हवा तर पाट लावावा. ही व्यवस्था सोयीची होती यात शंका नाही. परंतु ती न्यायाची होती, असे म्हणावयास प्रस्तुत लेखकाची लेखणी धजत नाही. कारण जिथे बाईला मोकळेपणाने आरोप करता येत नाही, तिथे पुरुषालाही आरोपाचे खंडन करण्याचा खरा प्रसंग येत नाही. आरोप आणि बचाव ही जुळी भावंडे आहेत आणि कायद्याच्या घरात ती बरोबरच वाढली.

इंग्रजी कायद्याने गावकीच्या अधिकाराला पहिला धक्का दिला तो मात्र फार निराळ्या बाजूने. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने संभू रघू याच्या खटल्यात ठरविले की, विवाह रद्द करण्याचा किंवा नवरा हयात असता बाईला दुसरे लग्न करण्याची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. ज्या काडीमोडीवर साऱ्या जातीची मोहोर उमटली होती, तिच्या आधाराने केलेला बचाव सरकारी न्यायासनापुढे टिकला नाही. जातीने दिलेली मोकळीक सरकारदरबारी गुन्हा ठरते, हे ऐकून खाजणकाठच्या पंचांनी काय म्हटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

तथापि त्याच राजवटीने आरोपीच्या हाती काही नवी साधने दिली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३४० व्या कलमाने वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क आरोपीस दिला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पति-पत्नींमधील खाजगी संभाषणास संरक्षण दिले खरे. पण एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याचा खटला चालू असेल तर ते संरक्षण उठते, असेही त्याच कलमात लिहून ठेवले. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की, आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याची मुभा १९५५ च्या दुरुस्तीपर्यंत नव्हती. बायको पिंजऱ्यात उभी राहून शपथेवर बोले. नवऱ्याने मात्र न्यायाधीशाच्या प्रश्नांना बिनशपथ उत्तरे द्यावीत, अशी ती विषम मांडणी होती.

बायकोच्या छळाला दंडविधानात स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८३ साली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ४९८-अ हे कलम आले : दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद. ते येत होते त्याच सुमारास पुण्याचा मंजुश्री सारडा खटला महाराष्ट्रभर गाजत होता. १९८२ च्या जून महिन्यात ही नवविवाहिता विषाने मरण पावली; तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे फिर्यादी पक्षाच्या हाती होती; सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. ज्या पत्रांतून तिचे दुःख पाझरत होते, त्याच पत्रांतून आत्महत्येची शक्यताही डोकावते आणि ती शक्यता निःसंशय खोडून काढल्याखेरीज खून शाबीत होत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी तुटक नसावी, याविषयी त्या निकालात सांगितलेली पाच सूत्रे आज देशातील हर एक बचावाचा वकील मुखोद्गत म्हणतो. निकाल अनेकांना रुचला नाही, आणि त्यांचा संताप समजण्यासारखा होता. तरीही लोकक्षोभ शिगेला पोहोचला असताना 'असू शकेल' आणि 'असलेच पाहिजे' यांतील अंतर राखणे हे न्यायासनाचे कर्तव्य होते, असेच म्हणावे लागते.

४९८-अ नंतर नवऱ्याचा बचाव ही वकिलीची एक स्वतंत्र शाखाच होऊन बसली. फिर्यादीत नवऱ्याबरोबर सासू, सासरा, दीर आणि लांबच्या गावी नांदणारी नणंदही येऊ लागली. त्यामुळे वकिलाचे पहिले काम अटकपूर्व जामिनाचे. ही तरतूद १९७३ च्या संहितेने प्रथम आणली होती. पक्षकार पिशवीतून जे कागद काढतो त्यांत दवाखान्याच्या चिठ्ठ्या असतात, नणंदेच्या सासरचे शिधापत्रक असते, आणि दोन्हीकडच्या माणसांनी सह्या केलेली लग्नाची यादी असते. मंगळसूत्र किती तोळ्यांचे आणि भांडी कोणी दिली, याचा वाद पुढे त्या यादीवरच तासन्‌तास चालतो. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक सरसकट करू नये, कारणे लेखी नोंदवावीत, आधी नोटीस द्यावी, असा दंडक पोलिसांना घालून दिला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तर नवरा आरंभी आरोपीही नसतो, नुसता सामनेवाला असतो. संरक्षणाचा आदेश मोडला, म्हणजे मग तो गुन्हेगार ठरतो. हा सामनेवाला प्रौढ पुरुषच असावा, ही अट मुंबईतील हरसोरा कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली काढून टाकली, आणि तेव्हापासून सुनेविरुद्ध सासूलाही त्या कायद्याचे दार उघडले.

राहता राहिला प्रश्न पैशाचा. मुर्ध्याच्या माणसाला तारखेसाठी घोडबंदर रस्त्याने ठाण्याला जावे लागे. दिवसाची मजुरी बुडे, आणि वकिलाची फी वेगळीच. गरीब कैद्याला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सांगितले. खटला खोट्या पदव्यांचा होता, पण त्याचे फळ पुढे सर्वांनाच मिळाले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आला, आणि २०२२ च्या योजनेनुसार आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची लोकअभिरक्षक कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत निघू लागली. २०२५ साली मीरा रोडला न्यायालय सुरू झाले, तेव्हा ठाण्याचा हेलपाटाही पुष्कळसा वाचला. या १९८७ च्या कायद्याच्या बाराव्या कलमात एक गंमत दडलेली आहे. त्यात स्त्रियांना आणि कोठडीतील माणसांना मिळकतीची अट न घालता वकील मिळतो. म्हणून एकाच खटल्यात फिर्यादी सुनेलाही हा हक्क असतो आणि आरोपी सासूलाही. जामिनावर सुटलेल्या नवऱ्याला मात्र, दुसऱ्या कोणत्या सवलतीत तो बसत नसेल तर, आधी आपल्या उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.