अटारीची घरगुती कॅसेट: कॉपी कशी ओळखायची आणि ओळखल्यावर काय करायचं?

आज आपण एक कॅसेट उघडणार आहोत. गाण्यांची नाही, गेमची. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम खेळत जे मोठे झाले, त्यांच्यासाठी ती 'कॅसेट'च होती. तिला कार्ट्रिज म्हणतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि आपण खेळायचो त्यातल्या बहुतेक कॅसेट कॉपी होत्या, हे त्याहून उशिरा. तसली कॅसेट उघडली की आत चिपच्या जागी डांबरासारखा काळा ठिपका दिसायचा. ती कारखान्यात बनलेली कॉपी. आजची गोष्ट त्याच्या आधीची, अमेरिकेतली आहे, आणि घरच्या टेबलावर बनलेल्या कॉपीची आहे.

घरी कॉपी बनायची कशी?

अटारीचा व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टीम १९७७ मध्ये बाजारात आला. पुढे त्यालाच अटारी २६०० म्हणू लागले. त्याच्या कॅसेटमध्ये मास्क रॉम नावाची चिप असायची. या चिपमधला गेम चिप घडतानाच तिच्यात कोरला जातो, नंतर एक बिटही बदलत नाही. पण प्रत्येक गेमसाठी वेगळा मास्क बनवावा लागतो, त्यामुळे हजारोंनी चिप काढल्या तरच हा प्रकार परवडतो. घरी बसून मास्क रॉम बनवणं शक्यच नाही. ओळख पटवण्याची सगळी सुरुवात या एका गोष्टीपासून होते.

मग घरी काय वापरायचे? ईप्रॉम. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोहमन यांनी १९७१ मध्ये आणलेली ही चिप. हिच्यात डेटा विजेने लिहायचा आणि अतिनील प्रकाशाने पुसायचा. प्रकाश आत जावा म्हणून चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची छोटी गोल खिडकी असते. २७१६ नंबरच्या ईप्रॉममध्ये २ किलोबाइट मावतात, २७३२ मध्ये ४. आणि २६०० चे सुरुवातीचे गेम किती मोठे? २ किंवा ४ किलोबाइट! म्हणजे एका चिपमध्ये अख्खा गेम.

हे फक्त इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेल्यांपुरतं राहिलं नाही. जेएस अँड ए नावाच्या कंपनीने 'प्रॉम ब्लास्टर' हे २६०० च्या कॅसेट कॉपी करायचं यंत्रच विकायला काढलं. अटारी कोर्टात गेली. कंपनीचं म्हणणं होतं की प्रोग्रॅमची बॅकअप कॉपी ठेवायचा हक्क ग्राहकाला कायद्यानेच दिलाय. १९८३ मध्ये कोर्टाने ते मानलं नाही आणि अटारीच्या बाजूने मनाई हुकूम दिला. कोर्टाचा मुद्दा असा, की बॅकअपची सवलत यांत्रिक किंवा विजेच्या बिघाडाने डेटा जाऊ शकतो अशा माध्यमासाठी आहे. रॉमची कॅसेट तशी नाजूक नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आता कॅसेट हातात घ्या

समजा जुन्या कॅसेटचा एक डबा मिळाला. आधी लेबल बघा. अटारीच्या कॅसेटचा स्क्रू लेबलखाली लपलेला असतो. लेबलला भोक असेल, कोपरा उचकटलेला असेल, तर कोणीतरी आत हात घातलाय. पण लेबल शाबूत दिसलं म्हणून माल अस्सल, असंही नाही; लेबल नवं छापता येतं. खरं उत्तर आत बोर्डावर आहे.

आत खिडकीवाली चिप दिसली, किंवा चिपवर एखादा कागदी स्टिकर चिकटवलेला दिसला, तर ती ईप्रॉम. स्टिकर खिडकी झाकायला असतो. तो सोलून बघायचा मोह होईल, पण अजिबात सोलू नका. कारण पुढे येतंच.

दुसरी खूण मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यामागे साधं लॉजिक आहे. २६०० च्या कॅसेटला २४ पिन असतात: १३ अ‍ॅड्रेसच्या, ८ डेटाच्या, उरलेल्या ३ वीज आणि ग्राउंडच्या. 'आता कॅसेटने बोलायचं' असं सांगणारी वेगळी पिनच नाही. ते काम तेरावी अ‍ॅड्रेस लाइन, म्हणजे ए१२ करते. ती १ झाली की कॅसेटने डेटा द्यायचा. मास्क रॉम बनवून घेताना 'सिलेक्ट पिन १ वर चालू कर' असं कारखान्याला सांगता येतं. ईप्रॉमची तीच पिन मात्र कायम ० वर चालू होते, म्हणजे बरोबर उलट. म्हणून कॉपी करणाऱ्याला मध्ये एक इन्व्हर्टर घालावाच लागतो. बहुतेक वेळा ती ७४०४ जातीची चिप असते. कधी ईप्रॉमच्या पाठीवर उलटी चिकटवलेली, कधी वायरींनी लोंबकळणारी. कोणी नुसता ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर लावूनही भागवतो. साध्या ४ किलोबाइटच्या गेममध्ये असा जुगाड दिसला, तर ही कॅसेट गेमच्या कारखान्यातून तशी निघालेली नाही.

तिसरी खूण तारखेची. चिपवर बऱ्याचदा चार आकडी कोड असतो. ८२२३ म्हणजे १९८२ चा तेविसावा आठवडा. 'पिटफॉल!' हा गेम १९८२ चा. त्याच्या कॅसेटमध्ये ८५ ने सुरू होणाऱ्या कोडची ईप्रॉम निघाली, तर सरळ अर्थ असा, की कोणीतरी नंतर सावकाश बसून कॉपी केलीय.

आणि काही गेम या पद्धतीने कॉपी होतच नाहीत. १९८४ च्या 'पिटफॉल २' मध्ये डेव्हिड क्रेनने डीपीसी नावाची खास चिप घातली होती, आवाज आणि ग्राफिक्सला मदत करायला. नुसत्या ईप्रॉममध्ये बिट उतरवून ती चिप येत नाही. लेबलवर 'पिटफॉल २' आणि आत एकटी २७३२ असेल, तर आत दुसरंच काहीतरी आहे.

इथे गडबड होते

आता समजा सगळ्या खुणा जुळल्या. खिडकी आहे, इन्व्हर्टर आहे, हाताने लिहिलेलं लेबल आहे. म्हणजे घरगुती कॉपी, हो ना?

थांबा. गेम कंपन्यांचे प्रोग्रॅमरही हेच सामान वापरायचे! गेम तयार होत असताना रोज मास्क रॉम कोण बनवणार? चाचणीच्या आणि दाखवायच्या कॅसेटमध्ये ईप्रॉमच असायची. म्हणजे प्रोटोटाइप आणि घरगुती कॉपी दिसायला सख्खी भावंडं. टॉड फ्रायचा 'सेव्ह मेरी' त्या काळात विक्रीला आलाच नाही. असे गेम आज खेळता येतात ते प्रोटोटाइप कोणीतरी जपून ठेवले म्हणून. एखाद्याने 'कॉपीच तर आहे' म्हणून चिप पुसून दुसऱ्या कामाला वापरली असती, तर गेम कायमचा गेला असता.

तारखेचा कोड इथे उलटा उपयोगी पडतो. चिप गेमच्या रिलीजनंतरची असेल तर कॉपीची शक्यता वाढते. रिलीजच्या आधीची असेल तर कान टवकारा. पुरावा नव्हे, कारण जुनी चिप नंतरही वापरता येते, पण डेटा वाचून बघायला तेवढं कारण पुरे.

म्हणून आधी वाचा

चिप काढायचीही गरज नाही. ५ व्होल्टवर चालणारा, भरपूर पिनचा अर्डुइनो कॅसेटच्या कनेक्टरला जोडा, ए१२ ला १ द्या, बाकी १२ लाइनवर ० पासून ४०९५ पर्यंत मोजा, प्रत्येक बाइट लिहून घ्या. हे तीन-चार वेळा करा आणि दरवेळी तेच येतंय का बघा. मग रिलीज झालेल्या गेमच्या डेटाशी ताडून बघा.

पूर्ण जुळलं, तर विषय संपला. थोडा फरक निघाला, तर फरक कुठल्या दिशेने आहे ते बघा. ईप्रॉममध्ये साठवलेला चार्ज म्हणजे ०. चार्ज गळून गेला की तो बिट १ होतो. पूर्ण पुसलेली चिप सगळीकडे १ दाखवते. म्हणजे सगळे फरक ० चे १ झालेले असतील, तर चिप म्हातारी होतेय. फरक दोन्ही दिशांनी असतील आणि प्रत्येक वाचनात तेच येत असतील, तर तुमच्या हातात बहुधा गेमची वेगळी आवृत्ती आहे. आणि कशाशीच जुळलं नाही, तर कृपया ती फाइल आधी दोन ठिकाणी सेव्ह करा.

स्टिकर का सोलू नका म्हटलं ते आता कळलं असेल. अशा चिपच्या डेटाशीटमध्येच लिहिलेलं असतं, की उघडी खिडकी आठवडाभर थेट उन्हात राहिली तर डेटा पुसला जाऊ शकतो. चाळीसेक वर्षं टिकलेली गोष्ट एका खिडकीत ठेवल्याने जाईल.

कोर्टाचा मुद्दा आठवतोय? बॅकअपची गरज नाही, कारण रॉम टिकाऊ. दुकानातल्या मास्क रॉमच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं ठरलं. पण जे गेम दुकानापर्यंत पोचलेच नाहीत, ते पुसल्या जाणाऱ्या चिपवर होते, आणि त्यांना वाचवायला कॉपीच लागली. तेव्हा कॅसेट अस्सल की नक्कल हे जरूर शोधा, मजा येते. फक्त निकाल द्यायच्या आधी आतलं वाचून ठेवा.

तुमच्या माळ्यावर जुनी कॅसेट असेल तर उघडून बघा आणि आत काय निघालं ते कळवा. काळा ठिपका निघाला तरी चालेल! भेटू पुढच्या भागात.