तात्त्विक समुपदेशन आणि अभिजात चित्रपट

आयुष्यातील पेच प्रश्नोत्तरांतून, संकल्पना व गृहीतके तपासत उलगडण्याच्या संवादात अभिजात चित्रपटांचा साधन म्हणून केलेला उपयोग. यात सल्लार्थीला रुग्ण मानले जात नाही. भावनांचा निचरा व्हावा म्हणून चित्रपट दाखविणाऱ्या मानसोपचारापेक्षा ही पद्धत वेगळी आहे. येथे भर विचारांच्या तपासणीवर असतो.

पार्श्वभूमी : जर्मन तत्त्वज्ञ गेर्ट आखेनबाख यांनी १९८१ मध्ये कोलोनजवळील बेर्गिश ग्लाडबाख येथे तात्त्विक समुपदेशनाचे काम सुरू केले. लू मारिनॉफ यांच्या ‘प्लेटो, नॉट प्रोझॅक!’ (१९९९) या पुस्तकामुळे ही कल्पना सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी ‘परस्यूट्स ऑफ हॅपिनेस’ (१९८१) मध्ये हॉलिवूडच्या सात विनोदी चित्रपटांतून विवाह व परस्परांची ओळख यांचा तात्त्विक विचार मांडला. ते समुपदेशक नव्हते. पण चित्रपट स्वतःच विचार करतो, या भूमिकेला त्यांच्या लेखनाने बळ मिळाले.

पद्धती : स्वतःच्या वागण्याचे समर्थन करताना माणूस सावध असतो, पात्राचा न्याय करताना मात्र स्वतःचे निकष सहज बोलून जातो. समुपदेशक ते निकष टिपतो आणि सल्लार्थीच्या स्वतःच्या प्रश्नाला लावून पाहतो. ज्यांत उत्तर आयते हाती दिलेले नाही, असे चित्रपट यासाठी अधिक उपयोगी पडतात.

उदाहरणे : अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’ (१९५२) हा या दृष्टीने विशेष समृद्ध आहे. वातानाबे या नगरपालिकेतील विभागप्रमुखाला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते. चैनीत आणि एका तरुण मुलीच्या सहवासात अर्थ शोधून झाल्यावर तो फायलींत अडकलेले मुलांच्या बागेचे काम तडीस नेतो. मात्र वातानाबे बागेच्या कामाला हात घालताच कुरोसावा कथा तोडतात आणि थेट त्याच्या मृत्यूनंतरच्या बैठकीत नेतात. तेथे श्रेय उपमहापौर घेतो. सहकारी दारूच्या भरात वातानाबेसारखे वागण्याच्या शपथा घेतात आणि कचेरीत परतताच जुन्या वळणावर जातात. इतरांनी दखल घेतली नाही तर कामाचा अर्थ उरतो का? मृत्यू जवळ आल्याखेरीज माणूस बदलत नाही का? निवृत्ती, आजार किंवा कामातील पोकळी यांनी अस्वस्थ झालेल्या सल्लार्थीशी या प्रश्नांवरून बोलता येते.

सिडनी ल्यूमेट यांच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) मध्ये आरोपीला दोषी ठरवावे का यावर ज्यूरीचे पहिले मतदान अकरा विरुद्ध एक असे होते. दोषी ठरवण्यावर अखेरपर्यंत अडून बसलेल्या ज्यूरी-सदस्याचा राग खरे तर स्वतःच्या मुलावर असतो. पूर्वग्रह तर्काचा वेश कसा घेतो, हे यातून दाखवता येते. बासू चॅटर्जी यांच्या ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) या हिंदी रूपामुळे मराठी प्रेक्षकालाही ही कथा परिचित आहे. एकाच घटनेच्या परस्परविरोधी साक्षी मांडणारा ‘राशोमोन’ (१९५०) कौटुंबिक वादांतील सत्याच्या प्रश्नाला उपयोगी पडतो.

मर्यादा : समुपदेशकाने स्वतःचा अर्थ लादला, तर संवादाचे प्रवचन होते. पात्राचा निर्णय सल्लार्थीसाठी आदर्श ठरत नाही. त्या निर्णयामागील कारणे तपासणे एवढेच प्रयोजन असते. तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असल्यास ही पद्धत अपुरी असून अशा व्यक्तीला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे आवश्यक असते.