दोन मोडलेले बेत आणि एक यात्रा

समुद्रकाठी हवापालटासाठी जाण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियात चांगलीच रुजली. क्रिमियातील याल्टा हे तिचे मुख्य ठाणे. शेजारच्या लिव्हादियाला झारच्या घराण्याचा मुक्काम पडू लागला, १८७५ साली सेव्हास्तोपोलपर्यंत आगगाडी आली आणि धनिक, रुग्ण व हौशी प्रवासी यांची तिकडे रीघ लागली. याच काळात अंतोन चेकॉव्ह हा तरुण डॉक्टर आणि लेखक प्रवासाचे बेत आखत होता. त्या बेतांचे पुढे काय झाले, हे पाहणे आम्हांला उद्बोधक वाटते.

१८८८ च्या उन्हाळ्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो फिओदोसियाला प्रकाशक सुव्होरिन याच्या बंगल्यावर उतरला. समुद्रस्नान, गप्पा, मेजवान्या यांत दिवस सरत. लेखन मात्र होईना. तेथून सुव्होरिनच्या एका मुलासह तो बाटुमी, तिफ्लिस करीत बाकूपर्यंत पोहोचला. पुढे कास्पियन समुद्रापलीकडे बुखारा आणि इराण पाहावयाचे होते. इतक्यात सुव्होरिनचा दुसरा मुलगा वारल्याची वार्ता आली आणि दोघे माघारी वळले.

दुसऱ्या वर्षी जून महिन्यात चेकॉव्हचा थोरला भाऊ, चित्रकार निकोलाय, क्षयाने गेला. चेकॉव्ह युरोपात सुव्होरिनला भेटण्यास निघाला, पण वाट बदलून ओडेसाला आणि मग याल्टाला गेला. त्या गजबजलेल्या किनाऱ्यावर त्याने ‘एक कंटाळवाणी कथा’ पुढे नेली. मरणाच्या छायेत आपल्या आयुष्याचा अर्थ शोधणाऱ्या एका वृद्ध प्राध्यापकाची ती कहाणी आहे.

मग १८९० च्या एप्रिलमध्ये तो निघाला, तो कोणीही हवापालटासाठी जात नसे अशा ठिकाणी: पूर्वेच्या टोकाला असलेल्या साखालिन या कैद्यांच्या बेटावर. स्वतःला १८८४ पासून खोकल्यातून रक्त पडत असतानाही सायबेरियाच्या चिखलवाटा त्याने तुडविल्या. बेटावर तो तीन महिने राहिला. वसाहतीवाल्यांची शिरगणती करताना त्याने सुमारे १०,००० पत्रके भरली. भावाच्या दुःखामुळेच तो गेला, असे म्हणणे सोपे आहे. परंतु माणसाच्या निर्णयांची मुळे एवढी सरळ नसतात. एवढे खरे, की साखालिनसारख्या जागी तीर्थयात्रेच्या भावनेने जावे, असे त्याने सुव्होरिनला कळविले होते. परतल्यावर त्याने तेथील शाळांसाठी पुस्तके धाडली आणि १८९५ मध्ये बेटावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

याल्टा त्याच्या वाट्याला पुन्हा आले, पण हौसेने नव्हे. क्षय बळावल्यामुळे १८९९ पासून तेथे घर करून राहणे त्याला भाग पडले. तेथेच त्याने ‘कुत्रेवाली बाई’ ही कथा लिहिली आणि उपचारांसाठी येणाऱ्या निर्धन रुग्णांची सोय लावण्यात तो गुंतला. १९०४ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, जर्मनीतील बाडेनवायलर येथे त्याचे निधन झाले.

किनाऱ्यावरील विसाव्याला आम्ही दोष देत नाही. श्रांत जीवाला तो हवाच. परंतु चेकॉव्हच्या या तीन प्रवासांत त्याच्या वाचकांना जे अधिक मोलाचे लाभले, ते ज्या वाटेवर विसावा मुळीच नव्हता तिनेच दिले, असे आम्हांला वाटते.