नौकेचे वेगमापन : गाठीच्या दोरीपासून उपग्रहापर्यंत
(रेडिओ-नियंत्रित नौकेसाठी जी.पी.एस. उपकरणाच्या निवडीचा ऐतिहासिक विचार)

१. प्रस्तावना

रेडिओ-नियंत्रित छोट्या नौका तयार करून त्या पाण्यावर पळविणे हा जगातील अनेक देशांत जोपासला जाणारा छंद आहे. अशी नौका तयार झाली की तिचा वेग किती, हा प्रश्न लगेच उपस्थित होतो. काठावरून केलेला अंदाज बहुधा फसवा ठरतो. कारण लहान नौका आपल्या लांबीच्या मानाने झपाट्याने पुढे सरकते आणि पाहणाऱ्याला ती आहे त्यापेक्षा अधिक वेगवान भासते. म्हणून आता नौकेवर जी.पी.एस. उपकरण बसवून वेग मोजण्याची पद्धत रूढ झाली आहे. परंतु कोणते उपकरण घ्यावे, याचा निर्णय पुष्कळदा किंमत, आकार आणि पडद्यावर दिसणारा कमाल आकडा यांवरच होतो.

वस्तुतः नौकेच्या वेगमापनाला चार शतकांहून अधिक इतिहास आहे. या इतिहासात तीन प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आलेले दिसतात : वेग कशाच्या सापेक्ष मोजावयाचा? किती काळाची सरासरी घ्यावयाची? आणि मिळालेल्या आकड्यावर इतरांनी विश्वास का ठेवावा? उपकरणाची निवडही याच तीन प्रश्नांच्या आधारे व्हावयास हवी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. गाठीची दोरी

विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने १५७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नौकानयनविषयक ग्रंथात दोरी आणि फळी यांच्या साहाय्याने वेग मोजण्याच्या पद्धतीचे वर्णन आढळते. दोरीच्या टोकाला बांधलेली लाकडी फळी पाण्यात सोडावयाची. फळी जवळपास एका जागी स्थिर राही आणि जहाज पुढे जाई तशी दोरी रिळावरून सुटत जाई. पुढे दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारण्याची आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या हे मोजण्याची रीत पडली. वेगाच्या ‘नॉट’ या एककाचे नाव या गाठीवरूनच आले आहे.

दोन गाठींमधील अंतर किती असावे, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. ते सागरी मैलाच्या लांबीवर अवलंबून होते आणि सागरी मैल पृथ्वीच्या आकारमानावर. रिचर्ड नॉरवुड याने लंडन ते यॉर्क हे अंतर प्रत्यक्ष मोजून एका अक्षांशाची लांबी काढली व १६३७ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यावरून प्रचलित दोरीतील गाठी फार जवळ असल्याचे स्पष्ट झाले. कालांतराने २८ सेकंदांचे घड्याळ आणि ४७ फूट ३ इंचांचे अंतर ही जोडी रूढ झाली. सागरी मैलाची लांबी १८५२ मीटर असावी, हा आंतरराष्ट्रीय निर्णय तर १९२९ मध्ये झाला. एकक निश्चित नसेल तर काळजीपूर्वक घेतलेले मापही दिशाभूल करते, हा या घडामोडींचा बोध होय.

एडवर्ड मॅसी याने १८०२ मध्ये आणि थॉमस वॉकर याने १८६१ मध्ये पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या, फिरत्या पात्यांच्या यांत्रिक वेगमापकांचे एकस्व मिळविले. दोरी असो वा पाती, ही सर्व साधने पाण्याच्या सापेक्ष वेग मोजत. प्रवाह जहाजाला किती पुढे ढकलतो अथवा मागे खेचतो, हे त्यांना कळत नसे.

३. मोजलेला मैल

एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे आली आणि कराराप्रमाणे जहाजाने विशिष्ट वेग गाठला की नाही, हा आर्थिक महत्त्वाचा प्रश्न बनला. यासाठी किनाऱ्यावर खुणेचे खांब उभारून अचूक मोजलेल्या मैलावर जहाजाची चाचणी घेतली जाऊ लागली. येथे मोजला जाणारा वेग जमिनीच्या सापेक्ष होता. म्हणून प्रवाहाचा परिणाम वगळण्यासाठी जहाज दोन्ही दिशांनी चालविणे आवश्यक ठरले.

येथे एक सूक्ष्म बाब ध्यानात घ्यावी लागते. समजा, एका नौकेचा पाण्यातील वेग सेकंदाला १० मीटर आणि प्रवाहाचा वेग सेकंदाला २ मीटर आहे. १०० मीटरच्या पट्ट्यावर जाताना तिचा वेग १२ आणि येताना ८ मीटर भरेल. दोन्ही वेगांची सरासरी बरोबर १० येते. परंतु एकूण २०० मीटर अंतराला एकूण २०.८३ सेकंदांनी भागले, तर उत्तर केवळ ९.६ येते. म्हणजे सरासरी वेळेची नव्हे, वेगांची घ्यावयास हवी.

मोजणारा कोण, यालाही या चाचण्यांत महत्त्व होते. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या टर्बाइनवर चालणाऱ्या नौकेची १८९७ मध्ये मोजलेल्या मैलावर चाचणी झाली, तेव्हा ती केंब्रिजचे प्राध्यापक जे. ए. युइंग यांनी घेतली आणि सुमारे पावणेतेहेतीस नॉट वेगाची नोंद केली. संशोधकाने स्वतःच्या नौकेविषयी केलेल्या दाव्यापेक्षा त्रयस्थ अभ्यासकाच्या या नोंदीचे मोल निराळे होते. दोन दिशांचा दंडक पुढेही कायम राहिला. केन वॉर्बी यांनी ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ऑस्ट्रेलियातील ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर ताशी सुमारे ५११ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला, तोही परस्परविरुद्ध दिशांच्या दोन फेऱ्यांची सरासरी घेऊनच.

४. प्रतिकृती आणि दोरीतून सुटलेली नौका

लहान नौकेच्या वेगाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली ती विल्यम फ्रूड यांनी. १८७२ मध्ये इंग्लंडमधील टॉर्की येथे त्यांचा चाचणी-हौद सुरू झाला. तरंगांमुळे होणाऱ्या विरोधाच्या संदर्भात प्रतिकृती आणि मूळ जहाज यांच्या वेगांची तुलना लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात करावी लागते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानुसार मूळ जहाजाच्या एक पंचविसांश आकाराची प्रतिकृती ताशी २० किलोमीटर वेगाने गेली, तर मूळ जहाजाचा तुल्य वेग ताशी १०० किलोमीटर होतो, ५०० नव्हे.

निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी संदेशांनी चालणारी नौका लोकांना दाखविली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी त्यांना तिचे अमेरिकी एकस्व मिळाले. छंदाच्या क्षेत्रात मात्र वेगाच्या शर्यती दीर्घकाळ खांबाला दोरीने बांधलेल्या नौकांच्याच होत. या पद्धतीत मापन सुलभ होते. मध्यापासून नौकेचे अंतर १५.९२ मीटर ठेवले की एका फेरीचे अंतर जवळजवळ १०० मीटर भरते. मग केवळ वेळ मोजणे उरते. रेडिओ-नियंत्रणाने नौकेला स्वातंत्र्य मिळाले, परंतु दोरीबरोबर निश्चित अंतरही गेले. ही उणीव काठावर खुणा लावून आणि थांबघड्याळ वापरून भरून काढली जाई. जी.पी.एस. उपकरण आले ते या पार्श्वभूमीवर.

५. उपग्रहांचा काळ

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेतील विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी त्याच्या संदेशाच्या वारंवारितेतील बदल नोंदवून उपग्रहाची कक्षा निश्चित केली. यामागील तत्त्व ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडले होते. याच प्रयोगशाळेतील फ्रँक मॅक्ल्यूर यांनी हा प्रश्न उलटा मांडला : उपग्रहाची कक्षा ज्ञात असेल, तर ऐकणाऱ्याचे स्थान काढता येईल. यातून ‘ट्रान्झिट’ ही पहिली उपग्रह-नौकानयन प्रणाली निर्माण झाली. याचा अर्थ, उपग्रहीय स्थाननिश्चितीचा उगमच सापेक्ष वेगाच्या मापनात आहे.

जी.पी.एस.चा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ही प्रणाली पूर्णतः कार्यान्वित झाली. तथापि नागरी वापराच्या संदेशात अमेरिकेने हेतुतः त्रुटी ठेवली होती. त्यामुळे स्थानात १०० मीटरपर्यंत चूक संभवे. मे २००० मध्ये ही त्रुटी काढून टाकण्यात आली. त्यानंतरच स्वस्त, हातात मावणारे उपकरण छोट्या नौकेचा वेग मोजण्यास खऱ्या अर्थाने उपयोगी ठरू लागले.

६. उपकरणाची निवड

वरील इतिहासाच्या प्रकाशात निवडीचे निकष पुढीलप्रमाणे मांडता येतील.

(अ) वेग काढण्याची रीत : काही उपकरणे लागोपाठच्या दोन स्थानांमधील अंतराला वेळेने भागून वेग काढतात, तर काही उपग्रह-संदेशाच्या वारंवारितेतील बदलावरून थेट वेग काढतात. पहिल्या रीतीत उपग्रहांचा संच बदलताच स्थान अचानक उडी घेते आणि नसलेला वेग दिसू लागतो. दुसऱ्या रीतीत, आकाश मोकळे असल्यास, चूक सेकंदाला सुमारे ०.१ मीटरच्या आसपास राहू शकते. म्हणून दुसऱ्या रीतीने काढलेला वेग नोंदविणारे उपकरण श्रेयस्कर होय.

(आ) नोंदींची वारंवारता : ताशी ९० किलोमीटर वेगाची नौका १०० मीटरचा पट्टा ४ सेकंदांत ओलांडते. सेकंदाला एकच नोंद घेणाऱ्या उपकरणाला तेवढ्यात जेमतेम चार नोंदी मिळतात. दहा घेणाऱ्याला चाळीस. मात्र काही उपकरणे नोंदी गुळगुळीत करून दाखवितात. तेथे अधिक नोंदींचा लाभ कमी होतो.

(इ) नोंदींची पडताळणी : केवळ कमाल वेग दाखविणारे उपकरण पुरावा ठरत नाही. प्रत्येक नोंदीची वेळ, वेग आणि उपग्रहांची संख्या साठविणारे उपकरण असेल, तरच एखादा आकडा खरा वेग आहे की क्षणिक दोष, हे त्रयस्थाला तपासता येते.

(ई) वजन आणि बसविण्याची जागा : उपकरणाच्या वजनाने लहान नौकेचा तोल आणि वेग दोन्ही बदलतात. कार्बन तंतूंचे आवरण संदेश अडविते. म्हणून अँटेनाच्या वर ते नसावे. स्थिर पाण्यात १ मीटर खोलीवर अर्धा तास टिकण्याची हमी वेगाने आदळणाऱ्या पाण्याला पुरेलच असे नाही. म्हणून वेगळे जलरोधक वेष्टन हितावह. तसेच उपग्रहांची कक्षीय माहिती मिळण्यास सुमारे अर्धा मिनिट लागत असल्याने स्थाननिश्चिती झाल्यावरच नौका सोडावी.

जी.पी.एस.चा वेग जमिनीच्या सापेक्ष असतो, हे विसरून चालणार नाही. नदीत वा वाऱ्यात चाचणी घेतल्यास मोजलेल्या मैलाचा जुना नियम येथेही लागू होतो : दोन्ही दिशांनी धाव घ्यावी आणि वेगांची सरासरी काढावी.

७. समारोप

गाठीच्या दोरीने एककाचे महत्त्व शिकविले, मोजलेल्या मैलाने दोन दिशांचा दंडक घालून दिला, फ्रूड यांनी तुलनेचा नियम दिला आणि उपग्रहाने दूरच्या संदेशातून वेग ओळखण्याची किमया साधली. यांपैकी कोणत्याही टप्प्याने आधीच्या टप्प्याची शिस्त रद्द केलेली नाही. रेडिओ-नियंत्रित नौकेसाठी उपकरण निवडताना सर्वांत मोठा आकडा दाखविणारे साधन शोधण्याऐवजी, आपला आकडा दुसऱ्याला तपासू देणारे साधन निवडावे. महाविद्यालयीन प्रकल्पांत विद्यार्थ्यांना ही एवढी दृष्टी देता आली, तरी लहानशा नौकेच्या निमित्ताने मापनशास्त्राचा एक मूलभूत धडा त्यांच्या पदरी पडेल.