झटपट बुद्धिबळ, घड्याळ आणि रेंज



या विकांताचा विषय बुद्धिबळ. त्यातही आंतरजालावरचं झटपट बुद्धिबळ, म्हणजे तीन, पाच किंवा फार तर पंधरा मिनिटांचं घड्याळ लावून खेळायचा डाव. हापिसात, मित्रांच्या घोळक्यात, गावाकडच्या पोरांकडून एकच प्रश्न सारखा येतो: "रोज वीस-वीस डाव खेळतोय, पण रेटिंग काही हलत नाही. काय करावं?" मी कुणी मोठा खेळाडू नाही. पेशानं संगणक अभियंता, गाव ताडकळस (ता. पूर्णा, जि. परभणी), सध्या मुक्काम पोस्ट पुणे. त्यामुळे ग्रँडमास्टरसारखा सल्ला माझ्याकडे नाही. पण इतिहास वाचायची खोड आहे, आणि या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इतिहासातच सापडतं असं माझं मत झालंय.

थोडक्यात सांगायचं तर झटपट खेळात सुधारायला तीन गोष्टी लागतात. तोडीस तोड जोडीदार, डोक्यात साठवलेल्या ओळखीच्या स्थिती आणि दोघांना सारखं चालणारं घड्याळ. पहिली गोष्ट आंतरजालानं आमच्यासारख्या गावांना फुकट दिली. दुसरी ज्याची त्यानं कमवायची असते. आणि तिसरी? तिथंच गोम आहे. तिच्यासाठी अजून रेंजवर अवलंबून राहावं लागतं.

आधी घड्याळाचं बघू. आपल्याकडचं जुनं देशी बुद्धिबळ निवांत होतं. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, आणि घड्याळ बिड्याळ काही नाही. समोरचा विचार करतोय तोवर चहा येऊन जायचा. युरोपातही सुरुवातीला असंच होतं. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सन यांनी बनवलेलं दुहेरी घड्याळ वापरलं गेलं, आणि वेळ हा खेळाचाच भाग झाला.

दुसरी मोठी उडी बॉबी फिशरची. प्रत्येक चालीनंतर घड्याळात काही सेकंद जमा व्हावेत, म्हणजे जिंकलेला डाव नुसता हात हळू चालतो म्हणून हरायला नको, अशी त्याची कल्पना. त्यासाठी त्यानं १९८८ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९८९ मध्ये ते मिळालं, आणि १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या पुनर्लढतीत हे घड्याळ वापरलं गेलं. आज अॅपवर आपण "५+३" किंवा "१५+५" निवडतो, त्यातला अधिकनंतरचा आकडा म्हणजे ही फिशरची देणगी.

आता जोडीदार. महाराष्ट्रातल्या बुद्धिबळाचा इतिहास चाळला तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. चांगले खेळाडू तयार झाले ते जिथं रोज तगडा प्रतिस्पर्धी मिळत होता तिथं. मुंबईच्या खाडिलकर भगिनींचंच घ्या. वासंती, जयश्री आणि रोहिणी, 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली. १९७४ मध्ये महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तीच वासंतीनं जिंकली. पुढची काही वर्षं तर ते विजेतेपद खाडिलकरांच्या घराबाहेर फारसं गेलंच नाही. तेरा वर्षांची रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा बराच गदारोळ झाला. शेवटी जागतिक महासंघाचे (फिडेचे) तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना निर्वाळा द्यावा लागला, की राष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेती झाली. घरातच तीन तगड्या खेळाडू असल्यावर सरावासाठी बाहेर कुणाला शोधायला जायचं? आमच्या भाषेत सांगायचं तर घरातच लॅन टाकलेलं होतं! (ह. घ्या.)

दुसरं ठिकाण सांगली. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये तिथं नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि गावाला खेळाचं वेडच लावलं. भाग्यश्री साठे (पुढे ठिपसे), स्वाती घाटे ही नावं याच सांगलीची. पुण्यानं अभिजित कुंटे दिला, जो २००० मध्ये ग्रँडमास्टर झाला. मुंबईचे प्रवीण ठिपसे १९९७ मध्येच झाले होते. आनंद आणि दिव्येंदू बरुआ यांच्यानंतरचे हे भारताचे तिसरे आणि चौथे ग्रँडमास्टर, दोघेही महाराष्ट्राचे. आता या यादीत मराठवाडा कुठे दिसतोय का बघा. पोरं हुशार नव्हती असं थोडंच आहे? पण परभणीहून सांगली म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि ताडकळसहून तर त्याच्या आधी परभणी गाठायची. पारावरच्या चार जणांना हरवून झालं की पुढं कोण? माझ्या लहानपणी गावात बरं खेळणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके होते. सहा महिने त्यांच्याशी खेळलं की कुणाची पुढची चाल काय असेल हे आधीच कळायचं. तिथंच सुधारणा थांबायची.

आंतरजालानं नेमकं हे कोडं सोडवलं. १९९२ मध्ये अमेरिकेत इंटरनेट चेस सर्व्हर सुरू झाला. पडद्यावर अक्षरांनी काढलेला पट, चाली टंकायच्या, आणि समोर जगातला कुणीही. १९९५ मध्ये तो पैसे देऊन वापरायचा झाला, तेव्हा नाराज झालेल्या काही मंडळींनी फुकटचा वेगळा सर्व्हर काढला. २००७ मध्ये चेस डॉट कॉम आलं, २०१० मध्ये फ्रान्सच्या तिबो द्युप्लेसीनं लिचेस काढलं, तेही पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत. आमच्याकडे खरा फरक पडला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर. तोवर नेट पॅक पुरवून पुरवून वापरायचो. त्यानंतर ताडकळसच्या कट्ट्यावर बसून ब्राझीलच्या माणसाशी डाव मांडायला काही अडचण राहिली नाही. आणि रेटिंगची पद्धतच अशी, की आपल्या तोडीचा माणूस दहा सेकंदांत समोर बसतो. सांगलीला पोचायला तीन पिढ्या लागल्या असत्या, ते काम एका मोबाईलनं केलं.

पण हा तगडा जोडीदार मिळूनही रेटिंग का हलत नाही? इथं दुसरी गोष्ट येते. डच मानसशास्त्रज्ञ अॅड्रिआन द ग्रूट यांनी १९४० च्या दशकात अभ्यास केला. नंतर १९७३ मध्ये चेस (हो, आडनावच चेस!) आणि सायमन या अमेरिकन जोडीनं तो पुढे नेला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून झाकली, तर कसलेला खेळाडू बहुतेक मोहरी जागच्या जागी मांडून दाखवतो, नवखा चार-पाच. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली तर दोघं जवळपास सारखेच! म्हणजे उस्तादाची स्मरणशक्ती काही दैवी नसते. त्यानं हजारो ओळखीचे तुकडे साठवलेले असतात. तीन मिनिटांच्या डावात कुणी फार खोल विचार करत नसतो, हे साठवणीतलं बाहेर काढणं चाललेलं असतं. आमच्या धंद्यात याला कॅश म्हणतात. कॅश रिकामी असेल तर प्रोसेसर कितीही पळवा, काम हळूच होणार.

आणि ही साठवण डाव खेळताना कमी, डाव संपल्यावर जास्त होते. हरलो की लगेच "रीमॅच" दाबायचं, पुन्हा हरायचं, की पुन्हा दाबायचं. यात साठवलं काय? काहीच नाही. गंमत म्हणजे कोडी सोडवून सराव करायची युक्तीही अॅपवाल्यांची नाही. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. मूळ संस्कृत ग्रंथ, त्याचा युरोपियन पद्धतीच्या खेळाला जुळवून केलेला अनुवाद. त्यात मुख्यतः काय आहे, तर निवडक अवघड स्थिती, शिकणाऱ्यानं सुधारावं आणि स्मरणाला व्यायाम व्हावा म्हणून दिलेल्या. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत "पझल रश"चा जुना अवतार छापून तयार होता म्हणा ना!

आता तिसरी गोष्ट, घड्याळ आणि रेंज. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात बोलकं प्रकरण २०२० चं आहे, आणि त्यात आपली मराठी मंडळी ऐन मध्यभागी आहेत.

करोनामुळे त्या वर्षी नेहमीचं ऑलिम्पियाड झालं नाही. फिडेनं जुलै-ऑगस्टमध्ये ते ऑनलाइन घेतलं. घड्याळ १५+५. संघात सहा पट: दोन खुले, दोन महिलांचे, एक मुलाचा, एक मुलीचा. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. संघात आनंद, हरिकृष्ण, हम्पी, हरिका, गोव्याची भक्ती कुलकर्णी आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख. बलाढ्य चीनला भारतानं गटात ४-२ हरवलं.

उपांत्यपूर्व फेरीत गाठ आर्मेनियाशी. त्यांच्या हाइक मार्तिरोस्यानची निहाल सरीनविरुद्धच्या डावात जोडणी तुटली, वेळ संपली, गुण भारताला. आर्मेनियानं दाद मागितली, पण नियमाप्रमाणे जोडणी सांभाळणं ही खेळाडूची जबाबदारी. दाद फेटाळली गेली, आणि निषेध म्हणून आर्मेनिया दुसरी लढत खेळलाच नाही. भारत पुढे.

३० ऑगस्टला अंतिम सामना रशियाशी. पहिली लढत ३-३, सहाच्या सहा डाव बरोबरीत. दुसऱ्या लढतीत डाव चालू असतानाच निहाल आणि दिव्या या दोघांची जोडणी गेली आणि वेळेवर दोघंही हरले. रशिया विजयी म्हणून जाहीर झालं, भारतानं दाद मागितली, आणि फिडेच्या अध्यक्षांनी शेवटी दोन्ही देशांना सुवर्ण दिलं.

त्या दिवशी झालं काय होतं? सेंच्युरीलिंक या अमेरिकन कंपनीच्या जाळ्यात "फ्लोस्पेक" नावाचा एक नियम चुकीचा गेला. त्यानं जाळ्यातल्या राउटरांचा आपसातला संवादच तोडला. ते पुन्हा जोडायला जात, पुन्हा तोच नियम मिळे, पुन्हा तुटत. हे तासन् तास चाललं, आणि क्लाउडफ्लेअरच्या मोजणीप्रमाणे जगभरची आंतरजालावरची रहदारी ३.५ टक्क्यांनी घटली. नागपूरच्या मुलीचा डाव कुठल्या तरी परदेशी राउटरनं हरवला!

सुवर्ण मिळाल्याचा आनंद आहेच, तेव्हाही झाला होता. पण आर्मेनियाच्या जागी बसून बघितलं तर? त्यांची जोडणी एकट्याची गेली म्हणून ती त्यांची जबाबदारी, आणि आपली गेली तेव्हा अर्ध्या जगाची गेली म्हणून सूट. नियम म्हणून दोन्ही निर्णय समजावून सांगता येतात. पण पटापुढे बसलेल्या पोराला काय फरक? त्याला फक्त पळणारं घड्याळ दिसतं. ताडकळसमध्ये वीज गेली, टॉवरचं बॅकअप संपलं आणि जिंकलेला डाव गेला, तर त्यासाठी कुठे दाद मागायची? मोठ्या लोकांची रेंज जाते तेव्हा बैठक बसते, आमची जाते तेव्हा रेटिंग जातं.

अभियंत्यांनी यावर काही केलंच नाही असं नाही. जुन्या सर्व्हरांनी १९९० च्या दशकातच "टाइमसील"सारखे छोटे प्रोग्रॅम काढले होते. चाल तुमच्या यंत्रावर कधी केली याची नोंद तिथंच होते, आणि वाटेत गेलेला वेळ तुमच्या घड्याळातून कापला जात नाही. लिचेसही थोड्या विलंबाची भरपाई करतं. पण जोडणी पूर्णच गेली तर कुठलाही प्रोग्रॅम काही करू शकत नाही.

मग सुधारायचं कसं? ज्याची रेंज डळमळीत आहे त्यानं "३+०" च्या नादी लागू नये. "१०+५" किंवा "१५+१०" खेळावं. चालीमागे मिळणारे सेकंद छोटा खड्डा भरून काढतात आणि विचारालाही थोडी जागा देतात. रोज वीस डावांऐवजी चार खेळावेत, आणि हरलेल्या प्रत्येक डावात आपण नेमकं काय पाहिलं नाही ते इंजिन लावायच्या आधी स्वतः शोधावं. मग अर्धा तास कोडी. गावात लाईट नसेल तेव्हा तर लाकडी पट काढून दोघांनी मिळून हरलेला डाव पुन्हा मांडावा, त्याला रेंज लागत नाही.

हे कंटाळवाणं वाटेल, पण फळ बघा. तीच दिव्या जून २०२५ मध्ये लंडनला जागतिक सांघिक ब्लिट्झमध्ये होउ यिफानला, महिलांमधल्या जगातल्या अव्वल खेळाडूला, हरवून आली. पुढच्याच महिन्यात बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी, समोर कोनेरू हम्पी. दोन्ही संथ डाव बरोबरीत, मग रॅपिड. हम्पी तेव्हा रॅपिडची विद्यमान जगज्जेती, म्हणजे सामना तिच्या अंगणात. वेळ संपत आली तशा हम्पीच्या हातून चुका झाल्या आणि २८ जुलैला काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली. १९ व्या वर्षी ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या दिवशी पट लाकडी होता, जोडणी तुटायची भीती नव्हती, आणि घड्याळ दोघींना सारखं चालत होतं.

आमच्या तिकडची पोरं आता रोज जगाशी खेळतात. जोडीदार मिळाला, कोडी मिळाली. उरलं सारखं चालणारं घड्याळ. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून चार तरी समोरासमोरच्या रॅपिड स्पर्धा व्हायला हव्यात, आणि त्यांना यायला एसटीची वेळ जुळायला हवी. यात अवघड काही नाही, मनावर घ्यायला हवं इतकंच.

असो. फार लांबलं. भेटू पुढच्या विकांताला.